चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठी माणूस थोड्या कौतुकानें आणि बऱ्याचशा कींवेनें वापरतो. ज्याचें घर त्याच्याबरोबर चालतें तो मोकळा खरा, पण तितकाच निराधारहि खरा. हें पाठीवरचें बिऱ्हाड माणसानें चाकांवर चढविलें, त्याला शतकें लोटलीं. पाश्चात्त्य देशांत मोटारीच्या मागें जोडावयाची लहानशी निजण्याची गाडी पुष्कळ गृहस्थ घरच्या अंगणांत स्वतःच्या हातांनीं तयार करतात. तिला ते ट्रेलर म्हणतात. सुट्टींत ती बाहेर काढावी, प्रवासांत जें उणें दिसेल तें परत आल्यावर सुधारावें, पुढच्या सुट्टींत पुन्हा पारखावें, असा हा छंद आहे. महाराष्ट्राला हा छंद नवा वाटेल, परंतु त्याच्या मुळाशीं असलेली विद्या येथें नवी नाहीं. एका सोलापूर जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी चाकांवरच्या बिऱ्हाडाचा जवळ जवळ दोनशें वर्षांचा इतिहास हातीं लागतो. तो इतिहास पाहतांना एक प्रश्न मात्र सारखा पुढें उभा राहतो. गाडी सुधारत गेली ती कोणासाठीं? ओझ्यासाठीं, कीं तिच्या आसऱ्यानें निजणाऱ्या माणसासाठीं?

सोलापूरची भवानी पेठ शहराच्या तुळजापूरकडील अंगास आहे. रूपाभवानीचें देऊळ याच बाजूस आहे. येथून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें अठ्ठावीस मैल. मोटारीला हा तासाभराचा रस्ता. बैलगाडीची गोष्ट निराळी. ती तासाला दोन-अडीच मैल चालणार. मध्यें बैलांस पाणी दाखवावें लागणार, वैरण टाकावी लागणार, उन्हाच्या वेळीं झाडाखालीं सोडावें लागणार. त्यामुळें ही वाट एका दिवसांत सुखानें उरकत नसे; तामलवाडीच्या आसपास कोठें तरी रात्र काढावी लागे. आश्विनी पौर्णिमेस आजहि हजारों भाविक सोलापुराहून तुळजापुरास पायीं जातात. परंतु ज्या घरांत म्हातारीं माणसें असत, ओली बाळंतीण किंवा तान्हीं मुलें असत, त्या घराला गाडीवांचून देवीचें दर्शन घडणें कठीण होतें. वाटेवरच्या त्या एका रात्रीनेंच ओझ्याच्या गाडीचें घर केलें.

गाडी ही वस्तु आपल्या देशांत फार प्राचीन आहे. परंतु दोन बैलांची जी हलकी गाडी दख्खनची म्हणून ओळखली जाते, ती तितकी जुनी नाहीं. पेशवाईंत येथील बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून जात असे. लमाणांचे तांडे धान्य, मीठ आणि कापूस गोण्यांत भरून शेंकडों बैलांनिशीं चालत. घाट अवघड, नद्यांना पूल नाहींत आणि बांधलेल्या सडका थोड्या, अशा मुलुखांत चाकापेक्षां खूरच अधिक भरंवशाचा होता. गाड्या मुळींच नव्हत्या असें नाहीं. पण त्या जड आणि बोजड असत. चाकें भरीव लाकडाचीं, कांहीं ठिकाणीं तर दगडाचीं असत. अशी गाडी शेतांतून खळ्यापर्यंत यावयाची. बाजाराचें लांबचें गांव तिला माहीत नसे.

इ. स. १८३६ च्या सुमारास इंदापूर आणि सोलापूर या भागांत गोल्डस्मिड व विंगेट हे इंग्रज अधिकारी जमिनीची मोजणी करून नवी धारेबंदी ठरवीत होते. शेतकऱ्याचा माल बाजारांत पोंचला तरच सरकारचा धारा वसूल होणार, हा व्यवहार उघड होता. याच काळांत लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखालीं टेंभुर्णी येथें सुधारलेल्या गाड्या बांधण्याचा कारखाना निघाला. टेंभुर्णी आज पुणें-सोलापूर रस्त्यावरील एक गजबजलेलें गांव आहे. तेथून जाणाऱ्या प्रवाशांपैकीं फारच थोड्यांस हें ठाऊक असेल. भरीव चाकाच्या जागीं आऱ्यांचें चाक आलें, गाडी हलकी झाली, आणि दोन बैलांनीं ओढून दूरच्या पेठेस नेण्याजोगी झाली. पुढें हा नमुना गांवोगांवच्या सुतारांनीं उचलला. सुतारानें परक्याचा नमुना पाहिला, आपल्या बाभळीला आणि आपल्या चिखलाला सोसेल असा त्यांत फेर केला, आणि थोड्याच पिढ्यांत ती गाडी जणू पांडवांच्या काळापासून आपलीच होती असें लोकांस वाटूं लागलें.

ही गाडी बांधण्याचें कसब साधें नव्हे. मधला तुंबा, त्यांत बसणारे आरे आणि आऱ्यांवर बसणारे कडेचे वक्र तुकडे हे सर्व बाभळीच्या मुरलेल्या लाकडाचे. लाकूड ओलें राहिलें तर उन्हाळ्यांत आरे खुळखुळूं लागतात, म्हणून शहाणा सुतार लाकूड वर्ष-दोन वर्षें वाळवीत ठेवी. चाकाचा खरा प्राण मात्र लोखंडी धाव. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करी. मग गोवऱ्यांच्या गोल आगटींत ती लाल होईपर्यंत तापवावयाची, चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. पांच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें १८८ इंच असतो. लोखंड ६०० अंश सेंटिग्रेडनें तापलें तर एवढ्या घेरांत तें सव्वा इंचाहून अधिक वाढतें. निवतांना तेवढेंच आकसतें आणि सारे सांधे असे आवळून धरतें कीं खिळ्याची गरज राहत नाहीं. लोहारानें पदार्थविज्ञानाचें पुस्तक पाहिलेलें नसे. पण त्याचें माप सहसा चुकत नसे.

गाडी तयार झाली म्हणजे बिऱ्हाड तयार झालें असें नव्हे. तें काम घरच्या माणसांचें. यात्रेचे दिवस जवळ आले कीं गाडीवर वेळूच्या कमानी बांधीत, त्यांवर बांबूच्या तट्ट्या आणि तट्ट्यांवर तरट किंवा घोंगडी ताणीत. तळाशीं कडब्याचा किंवा पेंढ्याचा हातभर थर, त्यावर जाजम आणि वळकट्या. हा थर नुसता मऊपणासाठीं नसे. गाडीला कमानी-स्प्रिंगा नव्हत्या, तेव्हां खडकाळ वाटेचे धक्के तोच गिळी. शिवाय मुक्कामावर त्यांतलाच थोडा चारा बैलांपुढें टाकतां येई. गाडीच्या पोटाखालीं तरटाची झोळी टांगीत. तींत घागर, वंगणाचें नळकांडें आणि चुलीचें सरपण. आसेला कंदील. दशम्या, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांचें गांठोडें हातापाशीं. मुक्कामावर बैल सोडले कीं गाडीच्या पुढच्या अंगाला लांकडाचा टेकू देऊन ती सपाट करीत. आंत बायका-मुलें आणि वृद्ध, गाडीखालीं पुरुष, चाकांना बांधलेले बैल, आणि तीन दगडांच्या चुलीवर भाताचें आधण. तीन-साडेतीन हात रुंद आणि चार-पांच हात लांब अशा जागेंत एक कुटुंब मावे.

दर यात्रेनंतर या बिऱ्हाडांत कांहीं ना कांहीं सुधारणा होई. गेल्या खेपेस पावसाची झड मागून आली, म्हणून यंदा मागच्या अंगास पडदा लावावयाचा. कमान बुटकी झाली, म्हाताऱ्याच्या डोक्याला लागली, म्हणून ती वीतभर उंच करावयाची. परंतु दर वीत उंचीला वारा अधिक लागतो आणि दर पेटीला बैलांच्या खांद्यांवर हिशेब द्यावा लागतो. सर्वांत अवघड गोष्ट तोल. भार आसेच्या मागें फार गेला तर गाडी उलाळ होते, जोखड वर उचलतें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो. पुढें फार आला तर त्यांची मान दबते. भार आसेच्या किंचित् पुढें, जोखडावर बेताचा, हें सूत्र दर गाडीवान पोरवयांत शिकत असे. आश्चर्य असें कीं मोटारीमागच्या ट्रेलरलाहि हेंच सूत्र लागतें. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर हवा, नाहीं तर भरधाव वेगांत ट्रेलर शेपटासारखा झोंके खाऊं लागतो. प्राणी बदलला, यंत्र आलें, पण तोलाचा न्याय बदलला नाहीं.

यात्रेची गाडी मागें पडण्यास आरंभ झाला तो आगगाडीमुळें. १८६० सालीं लोहमार्ग सोलापुरास पोंचला. १८९७ सालीं बार्शीची अरुंद मापाची छोटी रेल्वे सुरू झाली आणि १९०६ सालीं ती पंढरपुरास जाऊन भिडली. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडाची गिरणी निघाल्यावर शहराचें रूपच पालटलें. भोंग्यावर उठणाऱ्या आणि मागावर बसणाऱ्या कुटुंबाला दारांत बैलजोडी पोसणें परवडणारें नव्हतें. पुढें मोटारी आल्या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेस खेड्यांतून येणाऱ्या गाड्यांचे तळ ओसरत गेले, आणि घरच्या हातांनीं सजविलेली ती गाडी स्मरणांत जमा झाली.

नेमक्या याच काळांत पश्चिमेकडे उलट प्रवास चालूं झाला होता. ब्रिटिश आरमारांत डॉक्टर म्हणून नोकरी केलेले आणि मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं केवळ सहलीसाठीं चाकांवरचें एक घर बांधवून घेतलें. त्याचें नांव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. अठरा फूट लांबीचें तें लांकडी घर दोन घोडे ओढीत. तोंपर्यंत इंग्लंडांत अशा गाड्यांतून राहत ते फिरस्ते जिप्सी आणि जत्रेंतले खेळवाले. ज्या राहणीला प्रतिष्ठित समाज नाकें मुरडी, तीच राहणी हौस म्हणून पत्करल्यावर शोभूं लागली. १९०७ सालीं तेथें या हौशी लोकांचा क्लबहि निघाला.

मोटार सर्वत्र झाल्यावर अमेरिकेंत हें घर लहान आणि घरगुती झालें. १९३० नंतरच्या दशकांत अश्रुबिंदूच्या आकाराचा एक चिमुकला ट्रेलर लोकप्रिय झाला. पुढें गोल, मागें निमुळता. आंत दोघांनीं निजावें एवढीच जागा. मागचें झांकण वर उचललें कीं ओटा, शिधा आणि चूल. त्याची मापेंहि सुताराच्या सोयीचीं. प्लायवूडची फळी बाजारांत चार फूट रुंद व आठ फूट लांब मिळते, म्हणून ट्रेलरची बिछाईतहि पुष्कळदां तेवढीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील यांत्रिक छंदांच्या मासिकांनीं याचे नकाशे छापले आणि अनेकांनीं घरच्या घरीं ते उभे केले. परंतु त्याच दशकाची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवावयास हवी. मंदी आणि अवर्षण यांनीं देशोधडीस लागलेलीं हजारों अमेरिकन शेतकरी कुटुंबें त्या वेळीं मोडक्या मोटारींत आणि ट्रेलरांत संसार घालून मजुरी शोधीत हिंडत होतीं. एकाच रस्त्यावरून एकाची सहल जात होती आणि दुसऱ्याची दैना.

सोलापूर जिल्ह्यांतहि चाकाची पुढची मोठी सुधारणा याच दशकांत दारीं आली. ती म्हणजे हवा भरलेल्या रबरी टायरची बैलगाडी. १९३६ सालीं बंगालमध्यें साहागंज येथें डनलॉप कंपनीचा टायरचा कारखाना निघाला, आणि लोकांच्या तोंडीं या गाडीचें नांवच डनलप गाडी झालें. लोखंडी धाव अरुंद असते. ती सडक कापते आणि चिखलांत रुतते. रबरी टायर रुंद बसतो, धक्का पोटांत घेतो, आणि तेच दोन बैल पूर्वींच्या दुप्पट-तिप्पट ओझें ओढूं शकतात. जें काम पूर्वीं हातभर पेंढ्यानें होई, तें आतां चाकच करूं लागलें. निजणाऱ्या माणसाला याहून मोठें वरदान कोणतें?

पण तें वरदान निजणाऱ्याच्या वांट्यास आलें नाहीं. १९३२ सालीं देशी साखर-धंद्याला कायद्यानें संरक्षण मिळालें. त्याच सालीं माळीनगरचा सासवड माळी साखर कारखाना स्थापन झाला. १९५० सालीं प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें आणि पुढें सहकारी कारखान्यांची रांग लागली. आज सोलापूर हा राज्यांतील सर्वांत अधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकीं एक आहे. या कारखान्यांना ऊस तोडून पोंचविणारी माणसें हवी होतीं. तीं बीड आणि शेजारच्या कोरडवाहू भागांतून येऊं लागलीं. १९७२ च्या दुष्काळानें त्यांची संख्या फार वाढविली. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोचा जोड म्हणजे एक 'कोयता' अशी नोंद व्हावयाची, आणि चार-पांच महिन्यांसाठीं मुलांबाळांसह गांव सोडावयाचें. आरंभीं अशीं कुटुंबें आपल्याच गाडींत बिऱ्हाड घालून वाटेवर मुक्काम करीत येत. पुढें ट्रक आणि ट्रॅक्टर आले.

येथें गाडीच्या इतिहासांत एक विलक्षण गोष्ट घडली. यात्रेच्या गाडीवर जी कमान आणि तट्टी चढत असे, ती उसाच्या गाडीवरून उतरली. टायरगाडींत दोन-दोन, अडीच-अडीच टन ऊस रचावयाचा, तर छप्पर कशाला? गाडी पुष्कळदां कारखान्याची, भाड्यानें घेतलेली. तिच्यावर स्वतःच्या सोयीचा एक खिळा ठोकण्याचाहि अधिकार तोडणाऱ्याला नाहीं. मग गाडी उभी राहते एकीकडे आणि माणसें निजतात दुसरीकडे, बांबू, चटया आणि उसाचें पाचट यांच्या कोपींत. कोपींत पुरुषभर उंची नाहीं. थंडीच्या दिवसांत भुई गारठते. पाणी लांबून आणावें लागतें. अंधारांत बाईमाणसाला बाहेर जाण्याची भीति. आणि पाचटाला ठिणगी लागली तर संसार घटकेंत राख. पहांटे चारला उठून ज्यांनीं साखरेच्या पोत्यांचा पाया घालावयाचा, त्यांच्या घराला यात्रेच्या गाडीएवढें छप्परहि राहिलें नाहीं.

गाडी सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें म्हणतां येणार नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनीं बैलगाडीकडे देशाचें लक्ष वेधलें. देशांत त्या वेळीं सुमारें दीड कोटी बैलगाड्या असाव्यात असा अंदाज होता. रेल्वे आणि मोटारी यांवर विद्वान् खर्ची पडतात, पण खेड्याचा माल वाहणाऱ्या या वाहनाकडे इंजिनिअर ढुंकूनहि पाहत नाहींत, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जोखडानें बैलांच्या मानेला पडणारे घट्टे, अनावश्यक वजन, घर्षण, या सर्वांचा विचार त्यांनीं मांडला. बैलाची मान प्रथमच शास्त्राच्या कक्षेंत आली. गाडीच्या सावलींत निजणाऱ्या माणसाची पाळी अजून यावयाची होती.

२०२१ हें वर्ष या दृष्टीनें मनांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं महाराष्ट्र सरकारनें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. चाकांवरच्या घरांतून हौसेनें प्रवास करणाऱ्यांसाठीं तळ असावेत, तेथें पाणी, वीज आणि शौचालय असावें, अशी ती कल्पना. त्याच वर्षीं ऊसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजनाहि मंजूर झाली. दोन्ही निर्णय चांगलेच. मूल शाळेजवळ राहिलें पाहिजे, यांत दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु आईबापांचें काय? सहलीच्या गाडीला ज्या तीन गोष्टी लागतात, पाणी, दिवा आणि आडोसा, त्याच कोयत्यालाहि लागतात. एकाला त्या दोन रात्रींपुरत्या हव्यात; दुसऱ्याला दीडशें रात्रींपुरत्या.

हें काम अशक्य कोटींतलें नाहीं. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब तळ, हलक्या लोखंडी नळ्यांच्या कमानी, ताडपत्रीचें दुहेरी छत, मागें उघडणारा ओटा आणि सूर्यप्रकाशावर चालणारा एक दिवा: असें घर ट्रॅक्टरमागें सहज ओढलें जातें. फडाबरोबर तें पुढें सरकूं शकतें आणि हंगाम संपला कीं एका कोपऱ्यांत मुडपून ठेवतां येतें. गांवच्या लोहाराच्या जागीं आज वेल्डिंगचें दुकान आहे. नमुना एकदां हातीं दिला तर तो त्यांत आपल्या मातीचा फेर करूं शकतो. टेंभुर्णीला जें एकदां गाडीच्या बाबतींत घडलें, तें घराच्या बाबतींत घडूं नये असा कांहीं नियम नाहीं.

१८३६ च्या सुमारास गाडी सुधारली, कारण धारा वसूल व्हावयाचा होता. शंभर वर्षांनीं चाक सुधारलें, कारण ओझें वाढवावयाचें होतें. मधल्या काळांत कोणताहि अहवाल न लिहितां, कोणताहि नकाशा न काढतां, छप्पर सुधारलें तें घरच्या माणसांनीं. कारण आंत निजणारी म्हातारी त्यांची आई होती. चाकांवरच्या बिऱ्हाडाची सारी विद्या या एका नात्यांत सांठविली आहे. भवानी पेठेवरून तुळजापूरच्या रस्त्याला लागणाऱ्या भरधाव मोटारींमध्यें गळिताच्या हंगामांत अजूनहि एखादी उघडी टायरगाडी कडेनें जातांना दिसते. तिच्यावर ऊस असतो, उसावर वळकटी असते, आणि वळकटीवर एखादें मूल निजलेलें असतें.